केरसुणीला दांडा कां नाही?

नवरात्र उठले की आपल्याकडे घरे उलटी होतात. माळ्यावरची पातेली खाली येतात, खालच्या गाद्या गच्चीवर जातात, आणि घरातल्या पुरुषमंडळींना नेमके त्याच आठवड्यात कचेरीत जादा काम निघते. कपाटामागून तीन वर्षांपूर्वी हरवलेला बत्ता सापडतो. त्याच्यावरून मध्यंतरी दोन जावांत पडलेला अबोला मात्र तसाच राहतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर लखलखते आणि गृहिणी कमरेला शेक घेऊन मग पाटावर बसते. दिवाळी अंकातल्या या पानावर वाचक भगिनींना फराळाच्या युक्त्या हव्या असतात, याची मला कल्पना आहे. पण चकली कां मोडते हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. यंदा आपण कंबर कां मोडते हे पाहू.

आमच्या तळेगाव दाभाड्यात या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळते: पाऊस. लोणावळ्याच्या मानाने इथला पाऊस पुष्कळच कमी. पण जूनमध्ये मुक्कामाला आलेला हा पाहुणा सप्टेंबर सरत आला तरी हलायचे नाव घेत नाही. पायाला चिकटून चिखल घरात येतो, भिंतींना ओल धरते, कपाटातल्या शालूला कुबट वास लागतो, आणि चार महिन्यांचे सारे उट्टे दिवाळीच्या आठ दिवसांत काढावे लागते. हे सगळे खरे. पण पाऊस सगळ्या घरावर पडतो आणि कंबर मात्र घरातल्या एकीचीच दुखते, याचा दोष पावसाला कसा द्यायचा? त्यासाठी तिच्या हातातल्या हत्याराकडेच पाहायला हवे.

केरसुणी हे मोठे गुणी हत्यार आहे. शिंदीच्या पानांच्या काड्या मुठीत मावतील अशा आवळून बांधलेल्या, टोकाला पसरलेल्या. कोपऱ्यातली माती ती जशी खेचून काढते तशी नायलॉनची झाडणी काढीत नाही. महाराष्ट्रात हे कसब पिढ्यान् पिढ्या मातंग कारागिरांनी सांभाळले. अंगणासाठी नारळाच्या हिरांचा खराटा, गुळगुळीत फरशीसाठी ईशान्येकडच्या गवताचे फूलझाडू, अशी तिची भावंडे आहेत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे आणि तिलाच लक्ष्मी म्हणायचे, ही आपली रीत. (तीच लक्ष्मी बाजारात घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायची, हीही आपलीच रीत.) शीतलादेवीच्या हाती केरसुणी आणि मस्तकावर सूप असते. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा विधी धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून सांगितला आहे, आणि तो बायकांनी करावयाचा हेही शास्त्रकारांनी आठवणीने लिहून ठेवले आहे!

तर अशा या देवीला हातभरापेक्षा जास्त उंची कां मिळाली नाही? मला वाटते, तिचा जन्म झाला तेव्हा आपले सारे घरच जमिनीवर नांदत होते. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. जेवणे पाटावर, निजणे चटईवर. जमीन शेणाने सारवलेली, उंचसखल. तिच्यावर जोराने झाडले तर पोपडेच निघायचे. तेव्हा ओणवे होऊन, हलक्या हाताने, पाण्याचा शिपका मारीत झाडणे हेच योग्य होते. आखूड केरसुणी त्या घराच्या मापाची होती.

पुढे घर बदलले. विसाव्या शतकात, शहरातल्या बिऱ्हाडांतून आधी आणि खेड्यांतून मागाहून, चूल ओट्यावर चढली. त्या वेळी घरोघरी काय रामायण झाले असेल याची कल्पना करावी! उभ्याने स्वयंपाक? आणि सोवळ्याचे काय? आज ओट्याविना स्वयंपाकघर बांधा म्हटले तर गवंडीच हसेल. विळीच्या जागी सुरी आली, पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, धुणे दगडावरून यंत्रात गेले. जे जे जमिनीवर होते ते ते एकेक करून कमरेच्या उंचीवर आले. मागे राहिली ती केरसुणी आणि फरशी पुसायचे फडके.

त्या दोघीच कां राहिल्या? याचे कारण फारसे गोड नाही. ओट्यापाशी घरची गृहिणी स्वतः उभी राहणार होती, म्हणून ओटा तिच्या कमरेच्या मापाने बांधला गेला. केर-फरशीला मात्र, ज्यांना परवडले त्यांनी, बाई लावली. दुसऱ्याच्या कमरेचा हिशेब कोण ठेवतो? पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पगार, सुट्टी, बोनस यांची बोलणी सुरू झाली, हे उत्तमच झाले. पण दांडा ही काही कायद्यात बसणारी गोष्ट नव्हे. ज्या घरात केर निघतो त्या घरानेच ती ठरवायची.

आणि दांड्याची केरसुणी हे काही विलायती खूळ नाही. भल्या पहाटे रस्ता झाडणारा कामगार पाहा: लांब बांबूला खराटा बांधून तो ताठ उभ्याने झाडीत असतो. मैलभर रस्ता ओणव्याने झाडता येणार नाही, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. चार खोल्या रोज दोनदा झाडल्या तर वर्षाकाठी किती रस्ता होतो, याचा हिशेब आपण करीत नाही इतकेच.

करायचे एवढेच. हलका, सरळ वेळू घ्यावा, मुठीत सहज मावेल इतक्या जाडीचा. केरसुणी धरून एकंदर उंची झाडणारीच्या खांद्याला यावी. केरसुणीच्या मुठीशी तो काथ्याने दोन ठिकाणी आवळून बांधावा. एका जागी बांधला तर केरसुणी चार दिवसांत मान टाकते. पुष्कळशा फूलझाडूंची मूठ पोकळ असते. तिचे टोपण काढून काठी आत ठोकली की काम झाले. झाडताना वाकायचे नाही, पायाने सरकायचे. सवय व्हायला आठवडा लागतो. केरभरणीलाही दांडा हवा, नाही तर सारे घर उभ्याने झाडून शेवटी वाकायचे ते वाकायचेच. फरशीच्या फडक्याच्या जागी दांड्याचे पुसणे आणि पिळायची बादली आता तालुक्याच्या बाजारातही मिळते.

“कोपरे निघत नाहीत हो!” असे ज्या म्हणतील त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. उभ्या केरसुणीने कोपरे चांगले निघत नाहीत. म्हणून आखूड केरसुणी टाकून द्यायची नाही. आठवड्यातून एकदा, सावकाश बसून, कोपऱ्यांसाठी तीच वापरायची. पण रोज चार खोल्या ओणव्याने झाडायच्या त्या सोळा कोपऱ्यांसाठी, हा हिशेब मला पटत नाही. पलंग आणि कपाटे यांच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. त्यांच्याखाली एक तर केरसुणी फिरेल एवढी वीतभर मोकळी जागा असावी, नाही तर मुळीच नसावी. चार बोटांची फट ठेवणाऱ्या सुताराला आपल्या घरी एकदा केर काढायला बोलवावे.

अमेरिकेत लिलियन गिल्ब्रेथ (१८७८–१९७२) नावाच्या विदुषी होऊन गेल्या. बारा लेकरांची आई, आणि शिवाय नामांकित इंजिनियर. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजून त्याचे श्रम कसे वाचवावेत, याचे शास्त्र त्यांनी व त्यांच्या पतीने उभे केले. मग तीच मोजपट्टी घेऊन बाई स्वयंपाकघरात शिरल्या. पायाने दाबले की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आपण वापरतो, त्याचे श्रेय त्यांना दिले जाते. बाईने वाकावे कां, हात भरलेले असताना झाकण उघडायला तिसरा हात कुठून आणावा, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. घरात त्या डब्यापेक्षा महागडी यंत्रे पुष्कळ येतात, पण कंबर वाचवण्यात त्याची बरोबरी फार थोडी करतात.

यंत्रांवरून आठवले. धूळ ओढणारे यंत्र आता नवे राहिले नाही. लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ यांनी १९०१ साली ते काढले, तेव्हा तो राक्षस घोडागाडीतून दारी यायचा आणि त्याच्या लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. आपल्याकडे युरेका फोर्ब्सने १९८२ पासून ते दारोदार विकले. गाद्या, सोफे, पडदे यांसाठी ते नामी आहे. पण किती घरांत ते रोज चालते? माळ्यावरून खोके काढा, नळी जोडा, वायर पुरत नाही म्हणून दुसरे बटण शोधा. तोवर केरसुणीने दोन खोल्या होतात. दिवाळीत विकत घेतलेले साधन शिमग्यापर्यंत अडगळ कां होते, याचे कारण बहुधा यंत्रात नसून त्याच्या जागेत असते. हत्यार दोन पावलांवर हवे. एक केरसुणी घराच्या दर्शनी खोलीत दाराआड, एक छोटा कुंचा ओट्याच्या बाजूला, पाणी ओढायचे रबरी वायपर मोरीतच, आणि प्रत्येकाला आपापली खुंटी. टेकवून ठेवलेल्या केरसुणीच्या काड्या वाकतात; टांगली की दुप्पट टिकते. एका घराला एकच केरसुणी पुरते ही समजूत काटकसरीची वाटते खरी, पण तिला शोधण्यात जाणाऱ्या चकरांची किंमत कुणी मांडीत नाही.

आता हत्यारांकडून सवयींकडे. आमच्या गावाचे आणि काचेचे जुने नाते आहे. दरसाल प्रत्येकाने एकच पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे तिथले काचतज्ज्ञ. तो काळ रॉकेलच्या दिव्यांचा. तिन्हीसांजेच्या आधी दिव्याची काच पुसणे हे घरातल्या मुलीचे ठरलेले काम असे: चिमूटभर चाळलेली राख, मऊ फडके आणि तोंडाची वाफ. तिला कुणी आठवण करावी लागत नसे. न पुसलेली काच त्याच रात्री उजेड कमी करून चहाडी करीत असे.

घरातल्या वस्तूंचे मला हे दोन वर्ग दिसतात: चहाडी करणाऱ्या आणि न करणाऱ्या. ओट्यावर सांडलेले दूध चहाडी करते, म्हणून ते लगेच पुसले जाते. पंख्याच्या पात्याची वरची बाजू, फ्रिजच्या दाराचे रबर, शेगडीखालची जागा, पाण्याच्या टाकीचा तळ ही मंडळी मोठी घुमी. ती वर्षभर गप्प बसतात आणि दिवाळीच्या तोंडावर सारी मिळून अंगावर येतात. यांच्यासाठी वेळापत्रक करून भिंतीला लावावे असे पुस्तकांतून सांगतात. ते वेळापत्रकही पुढे धूळ खाते! त्यापेक्षा ही कामे आपोआप येणाऱ्या गोष्टींच्या गळ्यात बांधून टाकावीत. गॅसचा सिलिंडर बदलला की शेगडी उचलून खालची जागा पुसायची. कालनिर्णयाचे पान उलटले की पंखे. एकादशीच्या आदल्या दिवशी फ्रिज, कारण उपासाच्या पदार्थांना जागा करावीच लागते. पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा घ्यावा, तो पात्यावर चढवावा आणि दाबून मागे ओढावा. सारी धूळ अभ्र्यात पडते, डोळ्यांत नाही. पंखा आधी, मग फळ्या, मग फरशी, हा क्रम मात्र कधी उलटा करू नये.

राखेचे नाव निघालेच आहे. मावळ हा भाताचा मुलूख. तुसाची राख ही इथली भांडी घासायची जुनी पूड, आणि ती एवढी चांगली घासते कां, तर तिच्यात बहुतांश सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. काचेचे मुख्य सामानही वाळूच. तिला वितळवायला जो सोडा लागतो तोच आपला धुण्याचा सोडा. तेव्हा काचेची भट्टी आणि खरकट्या भांड्यांची मोरी यांचा किराणा पुष्कळसा एकच! लाकडाच्या राखेत क्षार असतात. तेलकटाशी ते मिळाले की साबणासारखेच काम करतात. आजी नारळाच्या शेंडीने आणि राखेने कढई घाशी तेव्हा ती रसायनशास्त्रच करीत होती. चिंच, कोकम, लिंबू यांनी तांब्या-पितळेचा काळेपणा जातो तो आंबटाने.

पण आंबट आणि खार हे दोघेही सरसकट सगळीकडे चालत नाहीत, आणि इथे पुष्कळ घरांचे नुकसान होते. शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा मोरीचे ॲसिड पडले की दगडच खाल्ला जातो आणि पांढरट डाग उमटतो; तो डाग नव्हे, जखम असते, पुसून जात नाही. त्यांना साधा साबण आणि कोमट पाणी पुरे. अल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नये, ती काळी पडतात आणि झिजतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: ब्लीचिंग पावडर अथवा ब्लीचचे पाणी आणि संडास धुण्याचे ॲसिड ही दोन कधीही, अगदी एकामागून एकदेखील, एकत्र ओतू नयेत. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. घरी कामाला येणाऱ्या बाईलाही हे नीट समजावून सांगावे. बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचायला तिला आपण वेळ देतो कुठे?

पावसाला अगदीच मोकळे सोडायचे कारण नाही. जुन्या वाड्यांत ओसरी होती, अंगणात पाय धुवायला पाण्याचे भांडे असे. चिखल उंबऱ्याबाहेरच राही. बंगल्यांत आणि सदनिकांत आल्यावर आपण ओसरी सोडली, चिखल मात्र बरोबर आणला. दोन हातांची ओसरी आजही करता येते. दाराबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे, त्यावर माती निघते. दाराच्या आत जाड सुती पायपुसणे, ते पाणी शोषते. नुसते एक ठेवून भागत नाही. चपलांची मांडणी बाहेर, छत्र्यांना एक बादली. एवढे केले तर घरात येणारा निम्मा केर तिथेच थांबतो, आणि न आलेला केर काढावा लागत नाही. ओलीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागून वारा खेळतो. उघडीप मिळाली की कपाटाची दारे सताड उघडावीत, आणि कपडे थोडेदेखील ओलसर असताना घडी करू नयेत. एवढ्याने बरीचशी बुरशी टळते. उरलेली दिवाळीच्या उन्हात जाते.

राहता राहिले घरातले पुरुष. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला राज्याने त्यांचेच नाव दिले. त्यांची तसबीर पुष्कळ घरांत आणि कचेऱ्यांत दिसते. त्या तसबिरीवरची धूळ कोण पुसते, हे मात्र विचारून पाहावे. दांड्याच्या केरसुणीचा एक लाभ इथेही आहे. ओणवे होऊन झाडायला लाजणारा बाप्या उभ्याने झाडायला तितकासा लाजत नाही. माझ्या पाहण्यात अशी दोन घरे आहेत. त्यांपैकी एका घरी आता चिरंजीवच सकाळी केर काढतात, कारण त्यांच्या उंचीला बेतलेला दांडा आईला लांब पडतो.

काही भगिनी नक्की विचारतील की दांडा बांधलेली केरसुणी लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायची कशी? ती आडवी मावत नाही, ही गोष्ट खरी. तिला पाटाशेजारी भिंतीला टेकवून उभी करावी, खाली मूठभर अक्षता टाकाव्यात आणि हळदकुंकू दांड्यावर नाही, केरसुणीवरच लावावे. आणि ती काम करणाऱ्या बाईच्या हाती जायची असेल, तर वेळू कापण्यापूर्वी तिला शेजारी उभे करून माप घ्यावे.